दोन किलोंची एक वाटी

पाककृती लिहिणारी माणसं एरवी सज्जन असतात. ‘मीठ चवीनुसार’ लिहून ती आपल्या चवीवर विश्वास टाकतात, ‘हिंग चिमूटभर’ म्हणताना आपल्या चिमटीवर. कांद्याची वेळ सांगायची आली मात्र, की त्यांची जीभ घसरते. ‘उभा चिरलेला कांदा मंद आचेवर गडद तपकिरी आणि गोड होईपर्यंत परतावा, साधारण दहा मिनिटं.’ दहा मिनिटांत कांदा फक्त घामाघूम होतो. पंधराव्या मिनिटाला तो मऊ पडतो, विसाव्याला जरा पिवळट दिसायला लागतो. तोवर ज्यांनी पाककृतीवर भरवसा ठेवून पाहुण्यांना आठ वाजता बोलावलेलं असतं, ते गॅस मोठा करतात. पुढचं सगळं करपण्याच्या हाती. ‘गुलाबी होईपर्यंत’ ही सूचना तर त्याहून थोर. आपल्या बाजारातला बराचसा कांदा मुळातच गुलाबी असतो, म्हणजे गॅस पेटवायच्या आधीच अट पूर्ण.

ही थाप फक्त आपल्याकडेच मारली जाते असं नाही. अमेरिकेत टॉम स्कॉका नावाच्या पत्रकाराने २०१२ साली ‘स्लेट’मध्ये या एकाच तक्रारीवर लेख लिहिला. नामांकित पाककृतींमधली पाच-दहा मिनिटं त्याने उघडी पाडली आणि स्वतः शेगडीपाशी उभं राहून हिशेब मांडला: मोठ्या आचेवर हात न थांबवता ढवळत राहिलं तर २८ मिनिटं, शहाण्या माणसाने करावं तसं केलं तर ४५. पुढे गंमत झाली. कांदा असा व्हायला किती वेळ लागतो असं गूगलला विचारलं, की चौकटीत ठसठशीत उत्तर यायला लागलं, ‘सुमारे पाच मिनिटं’. आधार कुणाचा? स्कॉकाच्याच लेखाचा. त्याने खोटं म्हणून दिलेलं वाक्य यंत्राने खरं म्हणून उचललं होतं. बिचाऱ्याला २०१७ साली त्यावर पुन्हा लिहावं लागलं. कांदा एकदाच रडवून सोडत नाही.

नवी मुंबईकराला हे दहा मिनिटांचं प्रकरण समजायला जड जात नाही. बिल्डरच्या जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ आम्ही वर्षानुवर्षं घाम पुसत चालतो आहोत, आणि पाककृतीतली मिनिटं त्याच जातीची असतात. ‘विमानतळ पंधरा मिनिटांवर’ हे फलक तर विमानतळ नव्हता तेव्हापासून लागलेले. त्याचं उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला. बेलापूर ते पेंधर ही अकरा किलोमीटरची मेट्रो १ मे २०११ रोजी शेगडीवर चढवली, ती उतरली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. मंद आच म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आणि तरीही आमच्या घरात कांदा तासभर परतणं जवळजवळ अशक्य आहे. दोष कांद्याचा नाही, माझ्या मनगटाचाही नाही. मराठी घरात कांद्याला स्वतंत्र कारकीर्दच नाही, ही खरी अडचण. तो कायम कशाच्या तरी आधी येतो. पोह्यांच्या आधी कांदा, पिठल्याच्या आधी कांदा, मटणाच्या रश्श्याच्या आधी तर दोनदा, एकदा फोडणीत आणि एकदा वाटणात. तो परतला जात असताना घरातला प्रत्येक माणूस पुढे काय येणार याची वाट बघत असतो. पुढे काहीच येणार नाही, हा कांदाच मुख्य आहे, असं सांगितलं की लोकांना फसवल्याची भावना होते.

आमच्याकडे हे खूळ शिरलं ते लेकीमुळे. मॉलमध्ये बर्गरमध्ये तिने तो काळपट, गोड, लोळागोळा झालेला कांदा खाल्ला आणि घरी येऊन म्हणाली, “आई, नुसता कांदाच तर असतो. आपण घरी का नाही करत?” ‘नुसता कांदाच तर असतो’ हे वाक्य जिने कधी कांदा चिरलेला नाही तिलाच सुचू शकतं. मुहूर्त मात्र तिने चांगला काढला. आषाढ शुद्ध नवमी, म्हणजे कांदेनवमी. ज्यांना हा सण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, पुष्कळ घरांतून चार महिने कांदा-लसूण बंद होतं, म्हणून दोन दिवस आधी कांद्याला निरोप द्यायचा. तोही यथासांग. कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, भरले कांदे, कांद्याचा झुणका, कांदेभात. विरह सोसणार नाही म्हणून आधीच अजीर्ण करून घ्यायचं, अशी एकंदर रीत. माझं सासर निफाड तालुक्यातलं, लासलगावच्या पंचक्रोशीतलं. ज्याच्या जिवावर घर उभं राहिलं, मुलांची शिक्षणं झाली, त्याच कांद्याला सासूबाई कार्तिकीपर्यंत घरातून हद्दपार करतात. कांद्याला याची सवय असावी. सरकारही त्याच्याशी असंच वागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी मागे. चातुर्मास निदान पंचांगात तरी आधी छापलेला असतो.

आता खरेदी. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, म्हणजे तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट रिक्षाच्या टप्प्यात. मुंबईचे घाऊक बाजार शहरातून उचलून खाडीपलीकडे आणायचं ठरलं, तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा इथे आला तो कांदा आणि बटाटा. मसाला, धान्य, भाजीपाला आणि फळं मागाहून आली. म्हणजे या शहराचे आद्य रहिवासी आमच्यासारखे फ्लॅटवाले नव्हेत. गावठाणातले आगरी-कोळी मूळचे, आणि त्यांच्यानंतर लगोलग कांदा.

सकाळी त्या आवारात गेलं की समजतं, आपण घरात ज्याला कांदा म्हणतो ती किती किरकोळ बाब आहे. ट्रकांची रांग, खाली पातीचा आणि सालींचा चिखल, पन्नास-पन्नास किलोंच्या गोण्या पाठीवर घेऊन ‘चला, चला, बाजूला’ करत जाणारे माथाडी. गोणी पाठीवर घेताना ते कंबरेतून एक झोका देतात, तो बघत राहावा. त्यांतले पुष्कळ आमच्याच कोपरखैरण्या-घणसोलीचे. गाळ्यावरच्या व्यापाऱ्याला मी “परतल्यावर गोड लागेल असा कांदा आहे का?” असं विचारलं, तेव्हा त्याने मान वर करून मला पहिल्यांदा नीट पाहिलं.

“किती गोणी?”

“दोन किलो.”

त्याने मान पुन्हा वहीत घातली. शेजारचा म्हातारा हमाल मात्र कनवाळू निघाला. “ताई, गोड पायजे तर अलिबागचा पांढरा. पण तो उन्हाळ्यात येतो माळांनी, आता कुठला? हा उन्हाळ न्या. सुका आहे, पाणी कमी.” पावसाळ्यात मिळणारा हा उन्हाळ कांदा रब्बीत पिकून चाळीत विसावलेला असतो, खरिपाचा लाल कांदा येतो दिवाळीच्या आसपास, तो पाणीदार आणि अल्पायुषी. कढईपाशी तासभर उभं राहायचं असेल तर पाणी कमी असलेला बरा. म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितलेलं हे मला एकाही पाककृतीत सापडलं नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट सांगायचा मोह होतो. या मुरलेल्या कांद्याचं सूप फ्रेंचांनी जगभर नेलं, आणि ते पॅरिसमध्ये गाजलं ते ले आल या घाऊक बाजारात. रात्रभर ओझी वाहणारे तिथले हमाल पहाटे ते सूप प्यायचे, आणि नाटकं-नाच आटोपून निघालेले शौकीनही त्यांच्या शेजारी बसून. पुढे शहरातली गर्दी फार झाली म्हणून तो बाजारही उचलला आणि १९६९ साली शहराबाहेर रंजिसला नेला. त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. बाजार इथेही हलला, हमाल इथेही आहेत, कांदा तर पॅरिसपेक्षा कितीतरी जास्त. सूप मात्र तुर्भ्यात कुणी काढलं नाही. पहाटे तिथे चहा आणि वडापाव मिळतो आणि कुणाची तक्रार नाही. माझीही नाही, मीही खाल्ला.

चिरण्याबद्दल फार बोलत नाही. देठापासून मुळाकडे उभा चिरायचा, जाडी दोन नाण्यांएवढी. आडवा चिरला तर त्याचा लवकर लगदा होतो. डोळ्यांतल्या पाण्यावर मात्र आमच्या घरात प्रत्येकाकडे अक्सीर इलाज आहे. सासूबाईंचा कांदा पाण्यात टाकण्याचा, लेकीचा पोहण्याचा चष्मा लावण्याचा, नवऱ्याचा दुसऱ्या खोलीत जाऊन बसण्याचा. तिसरा खात्रीचा आहे. एका जपानी कंपनीने यावर कायमचा तोडगा शोधला, आणि ती कंपनी आहे करीचा मसाला विकणारी, हाउस फूड्स. कांद्यात अश्रू आणणारा वायू तयार करणारं एक वेगळंच विकर असतं, हे तिच्या संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं, आणि २०१३ साली त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला ते देतात. पुढे त्यांनी न रडवणारा कांदाही पिकवला. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “मग त्याला कांदा कशाला म्हणायचं?”

आणि मग ती कढई.

दोन किलो चिरलेला कांदा कढईत मावत नाही. शीग लागते, दोन-चार पाकळ्या ओट्यावर पडतात, त्या उचलून परत वर रचाव्या लागतात. खाली तीन चमचे तेल, एक चमचा लोणी, वरून मीठ. पहिली दहा मिनिटं झाकण ठेवायचं, म्हणजे कांदा आपल्याच वाफेत खाली बसतो. झाकण काढलं की तळाला पाणीच पाणी. कांद्यात शेकडा ८५ ते ९० पाणी असतं, म्हणजे दोन किलोंत पावणेदोन किलोंच्या आसपास. ते आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि साखर तांबूस व्हायला त्याहून पुष्कळ जास्त लागतं. सगळी दिरंगाई इथे आहे. आधी पावणेदोन किलोंतलं बरंचसं पाणी घालवायचं, मग स्वयंपाक सुरू. हे लक्षात आल्यावर दहा मिनिटांची थाप मारणाऱ्याचा राग येत नाही, त्याची कीव येते.

सासूबाई झाकणाच्या आवाजाने आल्या.

“झाला की. मोहरी तडतडवून देऊ?”

“आई, यात काही घालायचं नाही.”

“हळद?”

“नाही.”

“तिखट?”

“नुसता कांदाच.”

त्या कढईत बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात, घरात काही आर्थिक अडचण आहे का असं विचारताना लागतो तसा सूर लावून म्हणाल्या, “बटाटे संपलेत का?”

विसाव्या मिनिटाला नवरा आला. कांदा जरासा मऊ होऊन चकाकत होता. निफाडच्या माणसाचं कांद्याशी नातं क्विंटलमधलं. लासलगावचा आजचा भाव सकाळी चहाआधी त्याच्या फोनवर आलेला असतो. तरी वास आल्यावर त्याला राहवलं नाही. “याच्यात डाळीचं पीठ पेर. असलं पिठलं होईल! थांब, पीठ मीच काढतो.” मी पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभी राहिले. एका हातात उलथनं, दुसरा डब्यावर. या पदार्थाला दोन हात लागतात असं कुणी लिहीत नाही.

पंचविसाव्या मिनिटाच्या पुढेमागे कढईचा आवाज बदलतो. तोवर रटरट चाललेली असते, ती थांबून बारीक चुरचुर सुरू होते. पाणी संपल्याची ही खूण घड्याळापेक्षा विश्वासाची. आता तळाला तांबूस थर धरायला लागतो. इथे नवशिके घाबरून गॅस बंद करतात किंवा तेलाची धार सोडतात. करायचं एवढंच, की चमचाभर पाणी टाकून उलथन्याच्या कडेने तो थर खरवडायचा. पाणी चर्र करून क्षणात उडतं, थर सुटतो आणि त्याचा सगळा रंग कांदा ओढून घेतो. पुन्हा थर, पुन्हा चमचाभर पाणी. दर वेळी कांद्याचा रंग एक घर पुढे जातो: पिवळट, सोनेरी, तांबूस, विटकरी. नॉनस्टिक तव्यात थरच धरत नाही, म्हणून ही मजा नाही. जाड बुडाची कढई काढावी आणि भांडी घासणाऱ्या व्यक्तीशी त्या दिवशी गोड बोलावं.

याच वेळी सोसायटीच्या ग्रुपवर पहिला संदेश आला: ‘कोणाकडे काही जळत आहे का? कृपया तपासावे.’ आमच्या इमारतीत सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. तळमजल्यावर मेथी निवडली तर दहाव्याला कळतं. तिसऱ्याने लिहिलं, ‘जळत नाही, छान वास आहे.’ दुसऱ्याने विचारलं, ‘बिर्याणी का?’ सेक्रेटरींनी पाइप गॅसच्या गळतीबाबत घ्यायच्या खबरदारीची जुनी सूचना पुन्हा टाकली. सातव्या मजल्यावर घरात कांदा न खाणारं कुटुंब राहतं, त्यांच्या काकूंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्यांच्या मुलाने ती उघडल्याचाही आला.

पस्तिसाव्या मिनिटाला पोळ्यांच्या ताई आल्या. त्या खैरणे गावच्या, इथल्या मूळच्या. चप्पल काढता काढता त्यांनी हवेत नाक वर केलं आणि कढईत न बघताच म्हणाल्या, “अजून पंधरा मिनिटं ठेवा.” घरातल्या एवढ्या माणसांत काय घालू, हे न विचारणाऱ्या त्या एकट्या. त्यांच्याकडे हळदीच्या रात्री मांडवामागे मटणाचं मोठं टोप चढतं. त्यात कांदा किलोने पडतो आणि आचारी बाजूला खुर्ची टाकून त्याच्याकडे नुसता बघत बसतो. “घाई केली तर रस्सा पांचट होतो. पावणे नावं ठेवतात,” ताई म्हणाल्या. शेजारच्या गावठाणात पिढ्यान्पिढ्या लोक हे करत आहेत, आणि माझी लेक मोबाइलवर ओहायोच्या बाईचा व्हिडिओ बघून मला सूचना देत होती.

त्या व्हिडिओवाल्या बाईंकडे पळवाटाही होत्या. पहिली, चमचाभर साखर घाला. याला मी कॉपी म्हणते. रंग लवकर येतो, पण तो साखरेचा. कांदा बाजूला कोरा तो कोराच. दुसरी, किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा. याने खरोखर वेळ वाचतो. कांद्याचा तांबूसपणा नुसता साखर जळून येत नाही, साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जुळूनही येतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ साली ही क्रिया वर्णिली, आणि सोड्याने तिला वेग येतो. पण त्याच सोड्याने कांद्याचा धीरही सुटतो आणि हाती चटणी लागते. तिसरी पळवाट प्रेशर कुकरची. ही ऐकताच सासूबाई उठून बसल्या. “मग आधीच का नाही? तीन शिट्ट्या केल्या असत्या.” कुकरमध्ये पाणी कोंडून राहतं, शेवटी ते उघड्यावर आटवावंच लागतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांचं समाधान झालं नाही. ज्या गोष्टीला शिट्टी नाही ती कधी संपणार, यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

बाजारात पाकिटातला तळलेला बिरिस्ता मिळतो, तो वेगळा. भरपूर तेलात पंधरा-वीस मिनिटांत तळलेला, कुरकुरीत, बिर्याणीवर भुरभुरायचा. त्याची बरोबरी याच्याशी करू नये. आणि गॅसच्या ज्योतीवर अख्खा कांदा भाजून खोबऱ्याबरोबर वाटतात, ती आणखी वेगळी विद्या. तिच्यापुढे मी हात जोडते.

पन्नासाव्या मिनिटाला, वाशीहून निघालेली लोकल सीएसएमटीला टेकते त्या सुमाराला, कांदा झाला. गडद, मऊ, चकचकीत. जिभेवर ठेवला तर आधी गोड, मग किंचित कडू, मग पुन्हा गोड. सकाळी ज्याने सगळ्यांना रडवलं त्यात एवढी साखर होती कुठे? होती तिथेच होती. आपल्या तिखट कांद्यात साखर परदेशातल्या नाजूक गोड कांद्याहून कमी नसते, बरेचदा जास्तच असते. तिखटपणापुढे ती जिभेला लागत नाही. उष्णतेने तिखटपणा उडून जातो आणि ती पुढे येते.

मी कांदा वाटीत काढला. रोजची आमटीची वाटी. ती भरली, वर चार चमचे उरले.

सासूबाई आल्या, वाटी पाहिली, कढई पाहिली. मग ओट्याखालची सालींची पिशवी उघडून बघितली, चुकून तिकडे काही गेलं का म्हणून.

“बाकीचा कुठाय?”

“एवढाच होतो, आई.”

“दोन किलोचा?”

“बाकी सगळं पाणी असतं.”

“म्हणजे आपण पैसे मोजून पाणी आणलं,” त्या म्हणाल्या, “आणि तासभर गॅस जाळून ते उडवलं.”

याला उत्तर नाही. १९९८ साली दिल्लीत कांद्याच्या भावाने सरकार पाडायला हातभार लावला, तेव्हा निदान भाव वाढून किलोचा किलो हातात येत होता. नवऱ्याने मात्र क्विंटलच्या हिशेबाने पाहिलं. असा कांदा लोकांनी खायला घेतला तर खप आठपट होईल, लासलगावला भाव पडायचाच नाही, असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला. कांद्याच्या भावासाठी चाकणच्या रस्त्यावर उतरून शेतकऱ्यांना जे साधलं नाही ते बर्गरने साधेल, असा त्याचा एकंदर सूर होता. बोलता बोलता त्याने वरचे चार चमचे संपवले. भाकरीशी.

संध्याकाळी कांदेनवमी थाटात झाली. भजी, थालीपीठं, झुणका, भरले कांदे. वाटी मी झाकून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, लोणच्याच्या बरणीआड ठेवली होती, लेकीच्या बर्गरसाठी. चार-पाच दिवस तिथे ती सुखाने राहते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली तर महिना-दोन महिनेही.

दुसऱ्या दिवशी दशमी. मी ऑफिसला, लेक कॉलेजला. लेक येताना बर्गरचे पाव घेऊन आली, टिक्क्याही आणल्या. फ्रिज उघडला. बरणी होती, वाटी नव्हती. ती घासून, पुसून, पालथी घातलेली मांडणीवर दिसली.

“तो होय?” सासूबाई म्हणाल्या. “वांग्यात गेला. उद्या एकादशी, घरात कांदा ठेवून करायचं काय?”

ताटात भरली वांगी होती. शेंगदाण्याचं कूट, खोबरं, गूळ, गोडा मसाला, आणि त्यात तासाभराचा तो कांदा वाटून. जेवायला बसल्यावर बराच वेळ कुणी बोललंच नाही. नवऱ्याने रस्सा दोनदा घेतला आणि मग कढई ताटाशेजारीच ओढली. लेकीने रागारागाने एक वांगं पावात घालून दाबलं, चावा घेतला आणि तिचा राग कुठच्या कुठे गेला. मीही खाल्लं. खोटं कशाला बोलू, बर्गरपेक्षा ते चांगलं होतं.

सासूबाईंनी सगळ्यांची ताटं बघून घेतली आणि मला म्हणाल्या, “कार्तिकी झाली की दर रविवारी दोन किलो करून ठेवत जा. आयता असला की बरं पडतं हो.”